लंडनमधलं एक वर्ष : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला की साताऱ्याहून फोन सुरू होतात. कुणाच्या भाचीला लंडनची ॲडमिशन मिळालेली असते, कुणाच्या मुलाची डिपॉझिट भरायची तारीख तोंडावर आलेली असते, आणि आईने मंडईत भेटलेल्या कुणाला तरी माझा नंबर दिलेला असतो. मी २०२२च्या सप्टेंबरमध्ये एक वर्षाच्या एमएस्सीसाठी इथे आले आणि नोकरी लागली म्हणून राहिले. व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यानं सांगत बसण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढलं आहे. आपल्याकडून येणारे बहुतेक जण मास्टर्सलाच येतात, म्हणून उत्तरं त्यांना धरून आहेत. रकमा आणि नियम इथे सतत हलतात. पैसे भरण्याआधी ब्रिटिश सरकारच्या गव्ह डॉट यूकेवर ताजा आकडा बघा, एजंटनं पाठवलेल्या पीडीएफमध्ये नको.

एक वर्षात मास्टर्स होतं, म्हणजे नक्की किती दिवस हातात असतात?

शिकवणीचे म्हणाल तर वीस-बावीस आठवडे. हे सांगितलं की फोनवर शांतता पसरते, म्हणून हाच प्रश्न पहिला घेतला. सप्टेंबरच्या शेवटी वर्ग सुरू होतात. दहा-अकरा आठवड्यांची पहिली टर्म डिसेंबरच्या मध्यावर संपते, तेवढीच दुसरी मार्चअखेर. मे-जूनमध्ये परीक्षा, आणि मग उन्हाळाभर प्रबंध, तो ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात द्यायचा. एकूण १८० क्रेडिट असतात, त्यातले साधारण ६० एकट्या प्रबंधाचे. थोडक्यात, गुढीपाडव्याच्या सुमारास शिकवणं आटोपलेलं असतं.

खरी मेख पुढे आहे. मोठ्या कंपन्यांची पुढच्या वर्षीची भरती ऑगस्ट-सप्टेंबरात उघडते आणि बऱ्याच ठिकाणी नोव्हेंबरपर्यंत बंदही होते. तेव्हा तुम्ही खोली शोधत असता, बँकेचं कार्ड पोस्टानं यायची वाट बघत असता, तूरडाळ कुठे मिळते ते विचारत असता. मी सीव्ही जानेवारीत लिहायला घेतला. करिअर विभागातल्या बाईंनी फार मऊ आवाजात सांगितलं की मला हव्या होत्या त्यातल्या बहुतेक जागांची मुदत ऑक्टोबरातच संपली. तो मऊ आवाज अजून कानात आहे. तेव्हा सीव्ही घरी असतानाच तयार करा, दोन पानांच्या आत. त्यात फोटो नको, जन्मतारीख नको, वडिलांचा व्यवसाय नको आणि शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ असं प्रतिज्ञापत्रही नको.

नावात लंडन असलेलं कुठलंही विद्यापीठ चालेल का?

नाही. आणि इथे गोंधळ होणं साहजिक आहे. ‘युनिव्हर्सिटी ऑफ लंडन’ हा १८३६ पासूनचा संघ आहे. यूसीएल, किंग्ज, एलएसई, सोआस, क्वीन मेरी ही त्यातली स्वतंत्र कारभार करणारी विद्यापीठं. इम्पिरियल २००७ मध्ये त्यातून बाहेर पडलं. याशिवाय लंडनमध्ये इतर चांगली विद्यापीठं आहेत, आणि बाहेरगावच्या काही विद्यापीठांचे ‘लंडन कॅम्पस’ही आहेत. काही कॅम्पस नीट असतात, काही म्हणजे एखाद्या ऑफिस इमारतीतले दोन मजले. ऑफर लेटर आलं की तीन गोष्टी विचारा : वर्ग कुठल्या पत्त्यावर भरतील, ग्रंथालय त्याच इमारतीत आहे का, आणि गेल्या वर्षी या कोर्सला किती मुलं होती. मग तो पत्ता नकाशावर रस्त्याच्या फोटोंसकट बघा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि वीस लाख भरण्याआधी ते कुणीच करत नाही.

एजंट तुमच्याकडून पैसे घेत नाही याचं कारण त्याला कमिशन विद्यापीठ देतं. यात बेकायदा काही नाही. फक्त ‘सर फार चांगले आहेत, एक पैसा घेतला नाही’ असं म्हणताना एवढं लक्षात असू द्या.

एकूण खर्च किती येतो?

फी साधारण २० हजार ते ४० हजार पौंड, विषय आणि विद्यापीठ बघून. मॅनेजमेंट, फायनान्स त्याच्याही वर जातात. व्हिसासाठी राहण्याखाण्याचे पैसे वेगळे दाखवावे लागतात. लंडनसाठी २०२५च्या जानेवारीपासून ही रक्कम महिन्याला १,४८३ पौंड होती, नऊ महिन्यांचे १३,३४७. त्यानंतर ती आणखी वाढली आहे. पौंड ११५ ते १२० रुपये धरला तर हे एकटेच साडेपंधरा-सोळा लाख होतात.

एनएचएसचा (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा) आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. पण एक वर्षाच्या कोर्सला व्हिसा सोळा-सतरा महिन्यांचा मिळतो, त्यामुळे दीड वर्षाचे, म्हणजे १,१६४ पौंड कापले जातात. ऑनलाइन पैसे भरताना हा आकडा दिसला की घरोघरी एकच ओरड होते, म्हणून आधीच सांगून ठेवते.

व्हिसासाठीचे पैसे काकांच्या खात्यात आहेत. चालतील?

नाही चालणार. पैसे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या (अथवा कायदेशीर पालकांच्या) खात्यात हवेत, सलग २८ दिवस, आणि त्या काळात एका दिवसासाठीसुद्धा रक्कम खाली जाता कामा नये. आपल्याकडे काकांनी, आजोबांनी मुलाला शिकवण्याची रीत आहे. तशी मदत घ्या, पण पैसे वेळेवर आईवडिलांच्या खात्यात वळते करा आणि २८ दिवस त्यांना हात लावू नका. मोडता येणारी एफडी चालते. शेअर्स, पीएफ, सोनं, जमिनीचा उतारा यातलं काही चालत नाही.

आईवडिलांचं खातं दाखवायचं तर जन्मदाखला आणि संमतिपत्र लागतं. दाखला आत्ताच कपाटातून काढा. कित्येकांच्या जुन्या दाखल्यावर बाळाचं नावच नसतं, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली असते. ते नगरपालिकेतून घालून घ्यायला किती चकरा होतील हे तुमचं नशीब आणि खिडकीपलीकडचा माणूस ठरवतो.

आणखी काही कागद?

टीबीची तपासणी ठरवून दिलेल्या क्लिनिकमध्येच होते. फॅमिली डॉक्टरांकडचा एक्स-रे चालत नाही. प्रमाणपत्र सहा महिने टिकतं. इंजिनिअरिंग आणि विज्ञानाच्या काही शाखांना एटीएएस नावाची वेगळी मंजुरी लागते आणि तिला आठवडे जातात, त्यामुळे ऑफर लेटरमध्ये हे अक्षर दिसलं तर त्याच दिवशी अर्ज करा. पूर्वी राहण्याच्या परवान्याचं प्लास्टिकचं कार्ड मिळायचं, ते आता बंद झालं. व्हिसा ऑनलाइन खात्यात असतो, तेव्हा त्या खात्याचा पासवर्ड एजंटकडे ठेवू नका.

शिष्यवृत्ती कुठल्या आहेत?

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्यात फी, निर्वाहभत्ता आणि विमानभाडं येतं. इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त आणि अन्य गटांसाठी वेगवेगळ्या विभागांच्या योजना आहेत. अटी दरवर्षी जाहिरातीत बारीक बदलतात, म्हणून गेल्या वर्षीच्या मुलाचं ऐकू नका, जाहिरात वाचा. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग सगळ्यांसाठी खुली आहे, पण तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. मुंबईची जे. एन. टाटा एंडाउमेंट १८९२ पासून आहे. ती कर्जरूपी शिष्यवृत्ती आहे.

शाहू महाराजांचं नाव या शिष्यवृत्तीला उगाच नाही. बाबासाहेब १९१६ मध्ये एलएसईत दाखल झाले आणि बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, एका पारशी मित्राकडून उसने घेतले, शाहू महाराजांची मदत झाली, आणि १९२० मध्ये ते परत आले. १९२१ मध्ये एमएस्सी, १९२३ मध्ये डीएस्सी, रुपयाच्या प्रश्नावर. १० किंग हेन्रीज रोड हे त्यांचं घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं विकत घेतलं. आता तिथे स्मारक आहे. चॉक फार्म स्टेशनवरून चालत जाता येतं. पैशाची चणचण भासेल त्या आठवड्यात मुद्दाम जाऊन या.

शैक्षणिक कर्जावर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापते तो कर) कापतात का?

कर्जातून परदेशी पाठवलेल्या पैशावर २०२५च्या एप्रिलपासून नाही. स्वतःच्या बचतीतून पाठवलेत तर वर्षाला दहा लाखांच्या वर लागतो. बँकेत कर्ज मंजूर झालं म्हणजे ते वेळेवर सुटलं असं नाही. मंजुरीचं पत्र आणि फीचा हप्ता यात महिनाभराची जागा ठेवा.

खोली कशी शोधायची?

या प्रश्नावर मी तासभर बोलू शकते, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे आणि झोप जाते.

पहिल्या वर्षी विद्यापीठाचं हॉस्टेल मिळत असेल तर घ्या, महाग वाटलं तरी. अर्ज जून-जुलैपर्यंत घेतात, म्हणजे व्हिसा यायच्याही आधी. बाहेर झोन २-३ मध्ये (मध्य लंडनच्या भोवतीच्या पट्ट्यांत) एका खोलीला महिन्याला ८०० ते १,१०० पौंड पडतात. खोली म्हणजे घर नव्हे. चार-पाच जणांच्या घरातली एक खोली, स्वयंपाकघर आणि बाथरूम सामाईक. जाहिरातीत वीज, गॅस, वायफाय धरून भाडं आहे का ते बघा. हिवाळ्यात हीटिंगचं बिल वेगळं आलं तर स्वेटर घालून झोपायची वेळ येते.

खोली न बघता डिपॉझिट पाठवू नका. ‘मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरियरनं पाठवतो’ असं कुणी म्हटलं की समजा तिथे खोलीच नाही. इंग्लंडमध्ये वर्षाचं भाडं ५० हजार पौंडांच्या आत असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि घरमालकानं ते ३० दिवसांत सरकारमान्य तीनपैकी एका योजनेत जमा करावं लागतं. त्याची पावती मागा. यातली गोम अशी की मालक त्याच घरात राहत असेल, म्हणजे आपण ज्याला पेइंग गेस्ट म्हणतो तसं असेल, तर डिपॉझिट योजनेत जमा करण्याचं हे संरक्षण मिळत नाही. वेम्बली-हॅरोच्या बाजूला ओळखीतून मिळणाऱ्या बऱ्याच खोल्या याच प्रकारच्या. काकू प्रेमळ असतात, जेवायलाही बोलावतात, पण कागद करून घ्या. माझ्या पहिल्या घरमालकानं ४०० पौंडांतले १५० भिंतीवरच्या एका डागापायी कापले. तो डाग मी येण्याआधीचा होता आणि माझ्याकडे फोटो नव्हता. त्यानंतर किल्ली हातात आली की मी आधी फोनवर अख्ख्या खोलीचा व्हिडिओ काढते, गादी उलटून, नळ सोडून.

पूर्णवेळ विद्यार्थ्यांना कौन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी, ती राहणाऱ्यानं भरायची असते) नसतो. पण घरातला एक जरी नोकरी करणारा असेल तर घराला बिल येतं, मग ते कुणी भरायचं यावरून भांडणं होतात. तेव्हा राहणारे सगळे विद्यार्थी आहेत का, हे विचारून घ्या.

कुठल्या भागात राहावं?

कॉलेजपासून ट्रेन न बदलता ४५ मिनिटांत पोचता येईल तिथे. नकाशावर जवळ दिसणारं पण दोन ठिकाणी बदलावं लागणारं घर डिसेंबरात नको होतं. जुबिली आणि मेट्रोपॉलिटन लाइनवर वेम्बली पार्क, मेट्रोपॉलिटनवर पुढे हॅरो. पूर्वेला ईस्ट हॅम, इलफर्ड, पश्चिमेला साउथॉल, हाउन्स्लो. या भागांत वाणसामान मिळतं आणि भाडं जरा कमी असतं.

घरून काय न्यावं, काय नेऊ नये?

दुधाचे पदार्थ नेऊ नयेत. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, खवा, बर्फी आणि (लिहिताना हात थरथरतो) कंदी पेढे. साताऱ्याच्या माणसाला हे पटवणं अशक्य. निघायच्या आदल्या रात्री मी बॅगेतून दोन बॉक्स काढले, आणि आईने त्यातला एक परत साड्यांच्या घडीत घातला. तो मला मुंबई विमानतळावर बॅगेचं वजन जास्त भरलं तेव्हा सापडला. रांगेतल्या सगळ्यांना पेढे वाटले. अभिनंदनही स्वीकारलं.

न्यायचं ते हे : थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं, शेंगदाण्याची चटणी. पोहे, साबुदाणा, मटकी, हिंग सगळं वेम्बलीच्या ईलिंग रोडवर मिळतं. गुजराती दुकानं आहेत, पोह्यांच्या पुडीवर ‘पौवा’ लिहिलेलं असतं. युस्टन स्टेशनच्या मागे ड्रमंड स्ट्रीटवर भेळही मिळते. पावासाठी कुठल्याही सुपरमार्केटमधले मऊ रोल चालतात. संध्याकाळी उशिरा गेलात तर पिवळी चिकटपट्टी लावून उरलेला माल अर्ध्या किमतीला काढलेला असतो.

कुकर स्टीलचा आणि इंडक्शनवर चालणारा न्या. कित्येक हॉस्टेलांत गॅस नसतो, ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर गरमच होत नाही. चश्मे दोन करून आणा, दात दाखवून या. एनएचएसचा दंतवैद्य मिळता मिळत नाही. जाड जॅकेट मात्र इथेच घ्या. मुंबईत ‘युरोप विंटर’ म्हणून विकतात ते लंडनच्या पावसात भिजून जड होतं. इथे थंडीपेक्षा ओल जास्त, त्यामुळे पाणी न शिरणारं हवं. छत्री वाऱ्यानं उलटते.

हॉस्टेलमध्ये फोडणी देता येते का?

देता येते, दार लावून.

यामागची गोष्ट सांगते. नोव्हेंबरातली रात्र, पावणेअकरा. मी वरणाला फोडणी घातली. मोहरी तडतडली, मिरची पडली, ठसका लागला म्हणून मी स्वयंपाकघराचं दार उघडून पायानं अडवून धरलं. दहा सेकंदांत अख्ख्या इमारतीचा भोंगा वाजायला लागला. दोनशे माणसं अंगणात, कुणी टॉवेलवर, कुणी उशी घेऊन. फायर ब्रिगेडचा बंब आला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ईमेल : एका विद्यार्थ्याच्या ‘बिया तळण्यामुळे’ झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी. मजल्यावरच्या ग्रीक मुलीनं वर्षभर मला बियांवरून चिडवलं.

नंतर कळलं ते असं. स्वयंपाकघरात बहुधा उष्णता ओळखणारा सेन्सर असतो, तो फोडणीला दाद देत नाही. धूर ओळखणारा असतो बाहेर कॉरिडॉरमध्ये. म्हणून दार घट्ट लावायचं, खिडकी उघडायची, पंखा चालू करायचा आणि ठसका सोसायचा. सेन्सरला मोजा घालणारे वीर भेटतील. तसं करू नका, दंड होतो, आणि आग खरंच लागू शकते.

अभ्यास अवघड असतो का? बारावीला ९२ टक्के होते.

ते विसरा. इथे ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. ७५ मिळालेला निबंध मी वर्षभरात एकदाच पाहिला, आणि तो माझा नव्हता. ६२ मिळाले तर घरी फोन करून सांगा की चांगले आहेत, आणि का चांगले आहेत तेही समजावून सांगा, नाहीतर बाबांना रात्रभर झोप लागणार नाही.

माझ्या पहिल्या निबंधाला ५४ मिळाले. बारा पानं लिहिली होती, सगळ्या विद्वानांची मतं क्रमवार. सरांनी शेवटी पेन्सिलीनं एकच ओळ लिहिली होती : सगळे काय म्हणतात ते कळलं, तू काय म्हणतेस? आपल्याला हे कुणी कधी विचारलेलंच नसतं. बरं, सरांना ‘सर’ म्हणायचं नाही, पहिल्या नावानं हाक मारायची. मला जीभ वळायला डिसेंबर उजाडला. त्यांची भेटीची वेळ ठरलेली असते आणि बहुतेक वेळा बाहेर कुणीच नसतं. जा, निबंधाचा आराखडा दाखवा. फीमध्ये तेही धरलेलं आहे.

आठवड्याला तास आठ-दहाच असतात, म्हणून पहिल्या महिन्यात सुट्टीसारखं वाटतं. बाकीचा वेळ वाचायचा असतो. सेंट पँक्रासची ब्रिटिश लायब्ररी वाचकपास फुकट देते. दुसऱ्याचा परिच्छेद संदर्भाशिवाय उतरवणं ही इथे चोरी, आणि सॉफ्टवेअर ती पकडतं. पैसे घेऊन निबंध लिहून देणाऱ्यांचे मेसेज येतील. तो धंदा इंग्लंडमध्ये २०२२ पासून बेकायदा आहे, आणि पैसे घेऊन झाल्यावर हेच लोक ‘विद्यापीठाला सांगू’ म्हणून धमकावतात.

पार्टटाइम काम करून फी निघेल?

फी नाही. नेटानं केलंत तर वाणसामान आणि प्रवास निघेल. टर्म चालू असताना आठवड्याला २० तासांचीच परवानगी आहे, आठवडा सोमवार ते रविवार मोजतात, आणि दोन ठिकाणी काम असेल तर मिळून २०. मास्टर्सवाल्यांचा प्रबंधाचा उन्हाळा सुट्टीत धरत नाहीत, तिथेही २०च. ही चूक फार जण करतात. एप्रिल २०२५ पासून २१ वर्षांवरच्यांना किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होतं. त्याहून कमी देऊन ‘रोख देतो, कागद नको’ म्हणणारा मालक कितीही गोड मराठी-हिंदी बोलत असला तरी नको. स्वयंरोजगाराला परवानगी नसल्यामुळे सायकलवरून जेवण पोचवण्याचं कामही बसत नाही, आणि मित्राचं खातं वापरून करणारे व्हिसा गमावून बसतात. विद्यापीठातलीच कामं शोधा, ग्रंथालय, ओपन डे वगैरे. ती सप्टेंबरातच भरतात.

प्रवास स्वस्त कसा पडेल?

१८ वर्षांवरच्या विद्यार्थ्यांसाठीचं ऑयस्टर कार्ड (ट्यूब म्हणजे इथली मेट्रो, आणि बस, दोन्हींचं कार्ड) काढा, साप्ताहिक-मासिक पासावर ३० टक्के सूट मिळते. रोज जाणं नसेल तर १६-२५ रेलकार्ड (रेल्वेचं सवलतीचं कार्ड) ऑयस्टरला जोडून घ्या, गर्दीची वेळ सोडून एक तृतीयांश सूट. पूर्णवेळ विद्यार्थ्याला ते पंचविशीनंतरही मिळतं. बस २०२५ मध्ये १.७५ पौंड होती, आणि तासाभरात कितीही बस बदला, पैसे एकदाच. बसमध्ये २०१४ पासून रोख चालत नाही, सुट्टे काढत कंडक्टर शोधू नका. हीथ्रो विमानतळावरून ट्रेननं यायचं तर पिकॅडिली लाइन सगळ्यात स्वस्त. दोन मोठ्या बॅगा असतील तर एलिझाबेथ लाइनला थोडे जास्त मोजा.

मुलगी रात्री एकटी फिरू शकते का?

माझ्या आईचा प्रश्न. फिरते. रात्रभर बस असतात, शुक्रवार-शनिवारी पाच लाइनवर रात्रीही ट्यूब चालते. खरी भीती फोनची. फुटपाथच्या कडेला नकाशा बघत उभं राहिलात की मागून इलेक्ट्रिक सायकलवाला फोन उचलून जातो. भिंतीकडे तोंड करून बघा.

हिवाळ्यात उदास वाटतं म्हणतात. खरंय?

खरंय. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य आठनंतर उगवतो आणि चारच्या आत, ३.५३ च्या सुमाराला मावळतो. दोनच्या लेक्चरला उजेडात आत जायचं, बाहेर यायचं ते रात्रीत. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे जातं आणि भारताशी अंतर साडेचारचं साडेपाच तास होतं. मग आपण जेवायला बसेपर्यंत घरचे झोपलेले. एकटेपणा त्या एका तासानं जाणवतो. एनएचएस हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायला सांगते, ते घ्या. दुपारी बारा ते दोनमध्ये बाहेर पडा, काही काम नसलं तरी. आणि जूनमध्ये रात्री सव्वानऊनंतर सूर्य मावळतो तेव्हा हे सगळं खोटं वाटतं.

आजारी पडलो तर?

पहिल्याच आठवड्यात घराजवळच्या जीपीकडे (इथल्या फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवा. पैसे पडत नाहीत. सल्ल्यासाठी १११, जिवावरचं असेल तर ९९९. साध्या तापाला जीपी ‘पाणी प्या, पॅरासिटामॉल घ्या’ म्हणतो, अँटिबायोटिक मागून मिळत नाही. नेहमीची औषधं असतील तर प्रिस्क्रिप्शनसह आणा.

पोलिसांचा, होम ऑफिसचा (व्हिसा बघणाऱ्या गृहखात्याचा) फोन आला तर?

पैसे मागितले तर फोन ठेवून द्या. सरकारी खातं फोनवर दंड घेत नाही. आणखी एक सापळा : ‘तुझ्या खात्यावर पैसे घे, कमिशन ठेव, पुढे पाठव.’ हा काळ्या पैशाचा गुन्हा आहे, खातं बंद होतं आणि वर्षानुवर्षं दुसरं मिळत नाही.

मराठी माणसं भेटतात का?

शोधावी लागत नाहीत. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ पासून. गणपतीत जा, आरती म्हणा, मोदक खा, पण त्याहून महत्त्वाचं, तीस वर्षं इथे काढलेल्या काका-काकूंना भेटा. भाड्याची खोली, शिवणाऱ्या बाई, नोकरीची ओळख असल्या गोष्टी तिथे निघतात. तेवढं झालं की इतरांतही मिसळा. मी उतरले तो राणीच्या निधनाचा आठवडा होता. अंत्यदर्शनाच्या रांगेत थेम्सच्या काठी मी उगाच दोन तास उभी राहिले आणि मागच्या लीड्सच्या आजींनी मला सँडविच दिलं. शहराशी पहिली ओळख तीच.

फुकटात काय बघावं?

ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, सगळ्यांचा मुख्य संग्रह फुकट. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये टिपूचा वाघ आहे. शिवाजी महाराजांची म्हणून सांगितली जाणारी वाघनखंही त्यांचीच, ती तीन वर्षांच्या बोलीवर २०२४च्या जुलैत साताऱ्याला आली. महाराजांनी तीच वापरली याची खात्री देता येत नाही असं म्युझियम स्वतःच म्हणतं. हे वाक्य साताऱ्यात मोठ्यानं बोलू नका.

नवऱ्याला किंवा बायकोला बरोबर नेता येतं का?

१ जानेवारी २०२४ पासून शिकवणीच्या मास्टर्सला नाही, संशोधनाच्या कोर्सलाच. आईवडील व्हिजिटर व्हिसावर येऊ शकतात. पदवीदान समारंभ कोर्स संपल्यावर काही महिन्यांनी असतो, तारीख बघूनच तिकीट काढा.

नंतर नोकरी लागेल?

कोर्स संपला की ग्रॅज्युएट रूट नावाच्या व्हिसावर दोन वर्षं राहता येतं. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ही मुदत १८ महिने होणार आहे, पीएचडीवाल्यांची तीन वर्षं तशीच. अर्ज ब्रिटनमध्ये असतानाच करायचा, म्हणून निकालाआधी ‘जरा घरी जाऊन येतो’ म्हणताना व्हिसाची तारीख बघा. पुढे स्किल्ड वर्कर व्हिसाला कंपनीनं प्रायोजक व्हावं लागतं आणि २०२५च्या जुलैपासून पगाराची साधारण अट ४१,७०० पौंड झाली. नवख्यांना ती ३३,४०० आहे. माझ्या वर्गातल्या भारतीयांपैकी निम्मे परत गेले. त्यातल्या दोघांचं पुण्यात उत्तम चाललं आहे. कर्जाचं गणित मांडताना भारतातला पगार धरून मांडा. इथला मिळाला तर वरकड.

मुलं परत जातात तेव्हा त्यांच्या सामानाचं काय होतं?

माझ्याकडे येतं. सध्या कपाटात दोन स्टीलचे कुकर, एक पोळपाट (लाटण्याशिवाय), तीन ब्लँकेटं, मिसळणाचा डबा आणि निम्मी भरलेली हिंगाची डबी आहे. सप्टेंबरात उतरणाऱ्यांनी आईला फोन करून सांगावं, नंबर तिच्याकडे आहेच. लाटणं मात्र घरून आणा.